पट, हजेरी आणि प्रश्नावली : अचलपुरावरून दिसणारा विद्यार्थिसहभागाच्या मोजणीचा इतिहास

मराठी शाळेच्या व्यवहारात पट आणि हजेरी हे दोन शब्द रूढ आहेत. पटावर नाव असणे ही एक गोष्ट आणि त्या दिवशी वर्गात प्रत्यक्ष बसलेले असणे ही दुसरी. या दोहोंतील अंतर शिक्षकास, पालकास आणि तपासनीसासही प्रथमपासून ठाऊक होते. किंबहुना हजेरीपुस्तक ही वस्तूच त्या अंतराच्या जाणिवेतून जन्मास आली. यांखेरीज एक तिसरी गोष्ट आहे, ती म्हणजे वर्गात बसलेल्या मुलाचे मन अभ्यासात असणे. हिच्यासाठी शिक्षणखात्याच्या दप्तरात दीर्घकाळ रकानाच नव्हता. तो काढण्याचा प्रयत्न अमेरिकेत विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि भारतात त्यानंतर सुमारे दीड तपाने झाला, आणि त्यासाठी जे साधन योजण्यात आले ते म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः भरावयाची प्रश्नावली.

या मोजणीचा इतिहास सामान्यतः तिकडच्या विद्यापीठांच्या अनुषंगाने सांगितला जातो. तोच अचलपूरसारख्या एका गावावरून पाहिला असता निराळा दिसतो. हजेरीपुस्तक, परीक्षा, प्रश्नावली यांपैकी प्रत्येक साधनाने जे समोर होते त्यांनाच मोजले. जो नव्हता त्याचा पत्ता लागला तो निराळ्या हेतूंनी केलेल्या दोन याद्या शेजारी ठेवल्या गेल्या तेव्हाच.

अचलपूर, म्हणजे इंग्रजी दप्तरातील एलिचपूर, हे वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी म्हणून प्रसिद्ध आहे. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. पुढे १८६७ साली एलिचपूर हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. त्याचे तालुके तीन होते : एलिचपूर, दर्यापूर आणि मेळघाट. या तिन्हींचे एकमेकांशी साम्य थोडे. एलिचपूर म्हणजे सपन व बिचन या नद्यांच्या परिसरातील जुने शहर व त्याभोवतीची खेडी. मराठी व उर्दू या दोन्ही भाषांचा तेथे वावर, आणि दोन मैलांवर परतवाड्यास हैदराबाद कंटिन्जंटची छावणी. दर्यापूर हा पयानघाटातील काळ्या कपाशीच्या जमिनीचा सपाट मुलूख. मेळघाट हा कोरकूंच्या वस्त्यांचा डोंगराळ प्रदेश. या तिहींतील मुलांची बेरीज करून तिला जिल्ह्याच्या लोकसंख्येने भागावयाचे आणि जे येईल त्यास ‘एलिचपूर जिल्ह्यातील शिक्षणाची स्थिती’ म्हणावयाचे, ही त्या काळच्या अहवालांची रीत होती. हे सरासरीचे अंक दर्यापूरच्या कुणब्याच्या मुलासही लागू नव्हते आणि चिखलदऱ्याच्या उतारावरील कोरकू मुलासही नव्हते.

वऱ्हाडच्या पूर्वीच्या शाळांविषयी लिहिताना अभ्यासकांस एक अडचण प्रारंभीच येते. मद्रास इलाख्यात सर टॉमस मन्रो याने १८२२ साली देशी शाळांची पाहणी करविली, मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत १८२४ पासून तसाच प्रयत्न झाला, आणि बंगालमध्ये विल्यम ॲडम याने १८३५ ते १८३८ या काळात तीन अहवाल सादर केले. वऱ्हाड तेव्हा निजामाकडे असल्यामुळे यांतील एकाही पाहणीत ते आले नाही. पुणे, अहमदनगर वा खानदेश येथील पंतोजींच्या शाळांविषयी जी माहिती कलेक्टरांच्या उत्तरांतून मिळते, तशी एलिचपुराविषयी मिळत नाही. ही उणीव केवळ स्थानिक नव्हे. नंतरच्या काळात वऱ्हाडातील प्रगती मोजण्यास मूळरेषाच नाही, असा तिचा अर्थ आहे.

मन्रोच्या पाहणीतील एक बाब मात्र येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मद्रास शहराच्या कलेक्टराने शाळांतील मुलांबरोबर घरी शिकणाऱ्या मुलांचाही आकडा कळविला. तो २६,९०३ होता, म्हणजे शाळेत जाणाऱ्यांच्या सुमारे पाचपट. अन्य जिल्ह्यांनी असा आकडा दिला नव्हता, कारण त्यांस विचारलेल्या नमुन्यात शाळा हाच घटक होता. मद्रासच्या आकड्याविषयी खुद्द मन्रोस शंका होती, आणि ती रास्तही असेल. परंतु आकडा खरा असो वा फुगविलेला, शाळेपासून गणना सुरू केली म्हणजे शाळेबाहेरचे शिक्षण अदृश्य होते, ही गोष्ट त्याने प्रथमच कागदावर आणली.

वऱ्हाडात शिक्षणखाते १८६६ साली स्थापन झाले. त्याबरोबर खात्याचे छापील नमुनेही आले : दाखल झालेल्यांचे पुस्तक, दैनिक हजेरी, मासिक सरासरी, वार्षिक गोषवारा. या नमुन्यांचा हेतू शिक्षणाचा अभ्यास हा नव्हता, खर्चाचा हिशेब हा होता. शाळेवर किती पैसे खर्च होतात आणि दरडोई किती पडतात, हे वरिष्ठांस कळविण्यासाठी भाजक हवा असे. तो भाजक म्हणजे सरासरी हजेरी. मास्तर रोज सकाळी जे नाव पुकारीत होता त्यामागे हे गणित होते.

या गणिताची परमावधी ‘निकालानुसार अनुदान’ या पद्धतीत झाली. तिचा उगम इंग्लंडात. रॉबर्ट लो याच्या १८६२ च्या सुधारित संहितेनुसार शाळेस सरासरी हजेरीवर दर विद्यार्थ्यामागे ४ शिलिंग मिळत. शिवाय ज्याच्या वर्षात २०० हून अधिक हजेऱ्या भरल्या असतील त्याच्यामागे आणखी ८ शिलिंग, पण वाचन, लेखन व गणित यांपैकी ज्या विषयात तो परीक्षेत नापास होईल त्या प्रत्येकासाठी २ शिलिंग ८ पेन्स वजा. मुलाच्या मनाचे असे पेन्सांत रूपांतर करण्याची ही कल्पना हिंदुस्थानातील निरनिराळ्या प्रांतांत कमीअधिक फेरफार करून उचलण्यात आली. १८८२ च्या हंटर आयोगाने, ज्याच्या कक्षेत हैदराबाद अमानती जिल्हे म्हणजे वऱ्हाडही होते, प्राथमिक शाळांना द्यावयाचे साहाय्य बव्हंशी परीक्षेच्या निकालांवर ठरवावे असे सुचविले. तथापि तोच आयोग महाविद्यालयांविषयी बोलताना थबकला. महाविद्यालयास किती साहाय्य द्यावे हे अध्यापकवर्गाचे बळ, संस्थेचा खर्च, तिची कार्यक्षमता आणि त्या स्थळाची गरज यांवरून ठरवावे, निकालावरून नव्हे, असा त्याचा निर्णय होता. लहान मुलाचे मन मोजता येते आणि मोठ्याचे येत नाही, असा याचा अर्थ लावण्याचा मोह होतो. खरे कारण बहुधा अधिक व्यावहारिक असावे : महाविद्यालये थोडी होती, त्यांचे चालक बोलके होते, आणि गावच्या पंतोजीस आयोगापुढे साक्ष देण्यास कोणी बोलावीत नव्हते.

निकालानुसार अनुदानाची पद्धत लॉर्ड कर्झनच्या कारकीर्दीतील ११ मार्च १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावाने त्याज्य ठरविली. तोपर्यंत तिने एक सवय मात्र पक्की केली होती. खेड्यापाड्यांत ‘डिप्टी’ म्हणून ओळखला जाणारा तपासनीस येणार, त्या दिवशी पटावरील सारी मुले वर्गात असली पाहिजेत. मग तो दिवस कापूसवेचणीचा का असेना. वऱ्हाडात वेचणीचा हंगाम हा मुलांच्या हातांचा हंगाम आहे. शाळेचे वर्ष आणि कपाशीचे वर्ष यांची सांगड खात्याच्या नमुन्यात कोठेच नव्हती. तपासणीच्या दिवशीची हजेरी आणि वर्षाची सरासरी यांमधील फरक हा मास्तराच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न मानला गेला. तो वास्तविक शेतीचा प्रश्न होता.

खात्याच्या आकड्यांस पहिले आव्हान दुसऱ्याच एका खात्याकडून आले. वऱ्हाडची स्वतंत्र खानेसुमारी १८६७ साली झालीच होती. पण शिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाची ती १८८१ ची. तीत प्रत्येक व्यक्तीची तीन वर्गांपैकी एकात नोंद करावयाची होती : शिक्षण घेत असलेला, शिक्षण घेत नसून लिहिता-वाचता येणारा, आणि यांपैकी काहीच नसलेला. १८९१ सालीही ‘शिकणारा, साक्षर, निरक्षर’ ही त्रयी कायम राहिली. यामुळे एकाच मुलाविषयी दोन कागद निर्माण झाले. एक मास्तराने शाळेत भरलेला, दुसरा गणकाने घरी जाऊन भरलेला. दोहोंचा मेळ बसेना. अगदी लहान मुले शाळेत जात असूनही घरच्यांनी त्यांना ‘शिकणारी’ म्हणून सांगितले नाही. वरच्या वर्गातील मुलांनी आपणांस ‘साक्षर’ म्हणवून घेतले. आणि कित्येक मुली घरी शिकत असूनही कोणत्याच रकान्यात आल्या नाहीत. मशिदीत कुराण शिकणारी मुले गणकाच्या दृष्टीने शिकणारी होती की नव्हती, हेही गणकागणिक बदलणारे. एलिचपूरसारख्या शहरात, जेथे मक्तब, पंतोजींची शाळा आणि सरकारी शाळा एकाच वस्तीत असू शकत, तेथे ही गोष्ट क्षुल्लक नव्हती.

हा विसंवाद दूर करण्यासाठी १९०१ च्या खानेसुमारीत जो उपाय योजण्यात आला, तो शासनयंत्रणेच्या स्वभावास साजेसा होता. ‘शिकणारा’ हा रकानाच काढून टाकण्यात आला. उरले फक्त साक्षर आणि निरक्षर. १९११ साली साक्षराची कसोटी अधिक नेमकी झाली : मित्रास पत्र लिहिता यावे आणि त्याचे उत्तर वाचता यावे. कसोटी चांगली आहे, पण ती शिक्षण संपल्यानंतरची आहे. शिकण्याची क्रिया चालू असताना तिची नोंद घरी जाऊन घेण्याचा जो एक मार्ग उघडला होता, तो बंद झाला. दोन याद्या जुळत नाहीत यातच खरी माहिती दडलेली होती, हे त्या वेळी कोणास महत्त्वाचे वाटले नाही.

मधल्या दशकात वऱ्हाडावर १८९६–९७ आणि १८९९–१९०० हे दोन दुष्काळ आले. १८९१ साली २८,९७,४९१ असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ साली २७,५४,०१६ वर आली. दुष्काळात हजेरीपुस्तकाचे काय होते हे समजण्यास फार कल्पनाशक्ती लागत नाही. मूल काही दिवस गैरहजर, पुढे नाव कमी. नाव कमी झाले की सरासरी हजेरीचे प्रमाण उलट सुधारते, कारण भाजकातून गैरहजरच वगळला जातो. संकटकाळात शाळेची टक्केवारी चांगली दिसावी हा आकड्यांचा विपर्यास आहे, आणि त्या वर्षांचे अहवाल वाचणाऱ्याने प्रमाण न पाहता आधी पट पाहिला पाहिजे.

याच सुमारास एलिचपूर स्वतःच यादीतून नाहीसे झाले. १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांताच्या चीफ कमिशनरकडे सोपविण्यात आले. १९०५ साली वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांचे चार करण्यात आले, आणि एलिचपूर जिल्हा अमरावतीत विलीन झाला. प्रशासनाच्या दृष्टीने ही काटकसर होती. इतिहासाच्या दृष्टीने त्याचा परिणाम असा की, १८६७ पासून चालत आलेली सारणीतील एक ओळ एकाएकी थांबते. त्यापुढे मेळघाटची आणि दर्यापूरची मुले अमरावती व मोर्शीच्या मुलांत मिसळून जातात. फिट्झजेराल्ड व नेल्सन यांच्या १९११ च्या अमरावती गॅझेटियरात एलिचपूर हा एक तालुका आहे. जिल्ह्याच्या जुन्या ओळीची नव्याशी तुलना करावयाची तर तालुकावार कागद शोधावे लागतात, आणि ते प्रत्येक वर्षाचे छापले जात नसत.

मध्यप्रांताचा प्राथमिक शिक्षण कायदा १९२० साली झाला आणि स्थानिक संस्थांना आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार मिळाला. सक्ती आली म्हणजे गैरहजेरी हा अपराध ठरतो, आणि अपराधाची नोंद ठेवावी लागते. तरीही गैरहजेरीचा अभ्यास या मार्गाने झाला नाही. तो झाला सायमन आयोगाची साहाय्यक म्हणून नेमलेल्या सर फिलिप हार्टॉग यांच्या समितीकडून. १९२९ च्या तिच्या अहवालातील एक वाक्य भारतीय शिक्षणाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२२–२३ साली पहिल्या इयत्तेत असलेल्या दर १०० मुलांमागे १९२५–२६ साली चौथीत केवळ १८ होती. समितीने यास दोन नावे दिली. शिक्षण पुरे होण्यापूर्वी मुलाने शाळा सोडणे ही गळती. एकाच इयत्तेत एकाहून अधिक वर्षे राहणे ही स्थगिती.

हार्टॉगच्या पद्धतीत दोष आहे, आणि तो नंतरच्या अभ्यासकांनी दाखविलाही. १९२२–२३ च्या पहिलीत मागील वर्षी तेथेच अडकलेली मुले पुन्हा मोजली जातात. त्यामुळे आरंभीची संख्या फुगते व गळती आहे त्यापेक्षा मोठी दिसते. तरीही या पद्धतीचे श्रेय वेगळे आहे. तिने विद्यार्थ्यास काही विचारले नाही, मास्तराच्या सरासरीवरही विसंबले नाही. तीन वर्षांच्या अंतराने केलेल्या दोन याद्या घेऊन तिने वजाबाकी केली. १८९१ च्या खानेसुमारीत जे अभावितपणे घडले होते, ते येथे हेतुपूर्वक झाले. स्वातंत्र्योत्तर काळात धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाविषयी केलेल्या पाहण्या, ज्यांचे अहवाल पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९५५ साली प्रसिद्ध केले, या त्याच मार्गावरील पुढचे पाऊल होत. तेथे शाळेच्या दप्तराबरोबर गावही तपासले गेले. वऱ्हाड त्या वेळी मध्यप्रदेश राज्यात होते. ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. सातारच्या निष्कर्षांचा दाखला पुढे साऱ्या महाराष्ट्रासाठी दिला जाऊ लागला, पण साताऱ्याचा डोंगरी शेतकरी आणि अचलपूरचा कपाशी-संत्र्याचा शेतकरी यांच्या मुलांचे वर्ष एकाच ठिकाणी मोडत नाही.

महाविद्यालयीन शिक्षणाकडे वळले असता मोजणीची साधने आणखी तोकडी दिसतात. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले आणि त्याच वर्षी अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले. त्यापूर्वी अचलपूरच्या मुलास पदवीसाठी नागपूर वा पुणे गाठावे लागे. पुढे अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी अस्तित्वात आले, आणि अचलपूर–परतवाड्यातही महाविद्यालयीन शिक्षणाची सोय झाली. या सर्व काळात विद्यार्थ्याच्या सहभागाचे अधिकृत माप एकच राहिले : सत्र मान्य होण्यासाठी तीन चतुर्थांश तासांना हजेरी. तासाच्या आरंभी क्रमांक पुकारावयाचे आणि ‘हजर’ म्हणणाऱ्यापुढे खूण करावयाची. एकाने दुसऱ्याची हजेरी लावणे हा प्रकार या पद्धतीइतकाच जुना असावा. जो विद्यार्थी सकाळी दुकानात काम करतो, दुपारी बसने येतो आणि हंगामात पंधरा दिवस येतच नाही, त्याच्याविषयी ही खूण काही सांगत नाही. तो नाउमेद आहे की केवळ कामात अडकला आहे, हे एकाच रिकाम्या चौकोनाने दाखविले जाते.

याच प्रकारचा विद्यार्थी अमेरिकेत ज्या संस्थांत बहुसंख्येने असतो, त्यांस तेथे कम्युनिटी कॉलेज म्हणतात. पहिले सार्वजनिक असे महाविद्यालय १९०१ साली इलिनॉय राज्यात जोलिएट येथे निघाले. १९४७ च्या राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या उच्चशिक्षण आयोगाने या कल्पनेस देशव्यापी रूप दिले. घराजवळ, अल्प शुल्कात, दोन वर्षांचे, नोकरी सांभाळून करावयाचे शिक्षण. भारतात या नावाची योजना विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात हाती घेतली. परंतु नाव काहीही असो, घराजवळच्या मुलास घराजवळच शिकविण्याचे काम वऱ्हाडात तालुक्याच्या गावची साधी कला-वाणिज्य महाविद्यालयेच करीत आली आहेत. त्यामुळे अमेरिकेतील या संस्थांनी आपला विद्यार्थी कसा मोजला, हे अचलपूरच्या दृष्टीने परके प्रकरण नव्हे.

तेथील विचाराचा आरंभ रॉबर्ट पेस यांच्यापासून धरतात. विद्यार्थी महाविद्यालयात किती वर्षे राहिला यापेक्षा त्याने तेथे किती व कसले श्रम केले हे विचारावे, या भूमिकेतून त्यांनी १९७९ साली विद्यार्थ्यांच्या अनुभवांची प्रश्नावली तयार केली. ॲलेक्झांडर ॲस्टिन यांनी १९८४ साली ‘सहभागा’चा सिद्धान्त मांडला. २००० साली इंडियाना विद्यापीठातून चार वर्षांच्या महाविद्यालयांसाठी विद्यार्थिसहभागाची राष्ट्रीय पाहणी सुरू झाली आणि लगोलग २००१ साली टेक्सास विद्यापीठातून कम्युनिटी कॉलेजांसाठी स्वतंत्र पाहणी निघाली. हिचे प्रश्न साधे होते. वर्गात प्रश्न विचारलात का? नेमलेले वाचन न करता तासाला आलात का? तास बुडविलात का? आठवड्यात किती तास अभ्यास, किती तास पगारी काम? उत्तरांची विभागणी पाच कसोट्यांवर होई : सक्रिय व परस्परसहकार्याने शिकणे, विद्यार्थ्याचे श्रम, अभ्यासाची कठीणता, अध्यापकांशी संबंध आणि विद्यार्थ्यास मिळणारा आधार.

या पाहणीच्या रचनेतील एक गोष्ट विशेष विचारार्ह आहे. विद्यार्थ्यांची निवड करून त्यांस टपालाने प्रश्नावली पाठविण्याऐवजी वर्गांची निवड करण्यात आली आणि प्रश्नावली प्रत्यक्ष तासात भरून घेण्यात आली. कारण उघड आहे : घरी पाठविलेला कागद नोकरी करणारा विद्यार्थी परत पाठवीत नाही. मात्र याचा परिणाम असा की, जो अधिक विषय घेतो तो निवडलेल्या वर्गांत सापडण्याचा संभव अधिक. म्हणून पूर्णवेळ विद्यार्थी प्रमाणाबाहेर येतात आणि भार देऊन ते प्रमाण सुधारावे लागते. आणि जो त्या दिवशी आलाच नाही, किंवा ज्याने सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात महाविद्यालय सोडले, त्याच्यासाठी कोणताही भार पुरत नाही. तास बुडवितोस का, हा प्रश्न तास न बुडविणाऱ्यासच विचारला गेला. स्टीफन पोर्टर यांनी २०११ साली अशा सर्व पाहण्यांवर जी कठोर टीका केली तिचा रोख अन्यत्र होता. ‘वारंवार’, ‘क्वचित’ अशा शब्दांचा अर्थ प्रत्येकजण निराळा लावतो आणि गेल्या वर्षभरातील वागणूक कोणासही नीट आठवत नाही, असे त्यांचे म्हणणे. ती टीका योग्यच आहे. पण अचलपूरच्या इतिहासावरून पाहता गैरहजराचा प्रश्न शब्दार्थाच्या प्रश्नापूर्वीचा वाटतो.

भारतात राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेने, म्हणजे ‘नॅक’ने, २०१७ च्या सुधारित चौकटीत विद्यार्थी-समाधान पाहणीचा समावेश केला. महाविद्यालयाने विद्यार्थ्यांची यादी द्यावयाची, परिषदेने त्यांतील काहींस ई-मेलने २१ प्रश्न पाठवावयाचे. पैकी २० प्रश्नांना पाच पर्याय, शेवटच्यात मोकळ्या सूचना. महाविद्यालयाच्या बाबतीत एकूण विद्यार्थ्यांच्या १० टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उत्तरे आली तरच ती हिशेबात धरावयाची. हे प्रश्न वाचताना एक भेद तत्काळ जाणवतो. अभ्यासक्रम किती टक्के शिकविला, अध्यापक तयारी करून येतात का, अंतर्गत मूल्यमापन न्याय्य असते का, असे ते प्रश्न आहेत. विद्यार्थ्याने स्वतः किती वाचले, किती तास कामावर घालविले, किती तास बुडविले, हे त्या वीस प्रश्नांत नाही. अमेरिकेतील पाहणीने विद्यार्थ्यास त्याच्या श्रमांविषयी विचारले. येथील पाहणीने त्यास संस्थेविषयी विचारले. विद्यार्थी येथे प्रथमच साक्षीदार झाला, ही गोष्ट लहान नाही. हंटर आयोगापुढे तोही नव्हता. परंतु साक्षीदार तपासला म्हणजे सहभाग मोजला असे होत नाही. शिवाय अनुदानाच्या जागी येथे श्रेणी आहे, आणि श्रेणीसाठी मोजणी होते तेव्हा तपासणीच्या दिवसाची जुनी सवय जागी होण्यास वेळ लागत नाही.

शाळांच्या बाबतीत ही सवय किती खोल गेली होती याचे प्रत्यंतर २०११ साली आले. महाराष्ट्र शासनाने ३ ते ५ ऑक्टोबर या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी केली. मुलांना एका शाळेतून दुसऱ्या शाळेत नेऊन बसवू नये म्हणून मोजलेल्या मुलाच्या बोटास मतदानाप्रमाणे शाई लावण्यात आली. पटावर असलेली आणि वर्गात नसलेली नावे यातून मोठ्या संख्येने उघडकीस आली, आणि पुढे न्यायालयीन प्रकरणेही झाली. या मोहिमेने पट आणि हजेरी या दोन याद्या एकाच दिवशी समोरासमोर आणल्या. पण तिच्याही दृष्टीने गैरहजर मूल म्हणजे खोटे नाव, अनुदानाची चोरी. त्यांपैकी काही मुले खरीच होती आणि त्या दिवशी शेतात होती, ही शक्यता तपासणे हा तिचा हेतू नव्हता. ऑक्टोबरचा आरंभ हा वऱ्हाडात सोयाबीन काढणीचा काळ आहे, हे सांगितले पाहिजे.

याच्या उलट दिशेने जाणारा प्रयत्न म्हणजे ‘प्रथम’ या संस्थेने २००५ पासून चालविलेली ‘असर’ ही पाहणी. तीत पाहणी करणारे शाळेत थांबत नाहीत. निवडलेल्या गावात घरोघर जातात आणि मुलास दुसरीच्या पातळीचा उतारा वाचावयास देतात. मूल पटावर आहे की नाही यावर त्याचे मोजले जाणे अवलंबून राहत नाही. मद्रासच्या कलेक्टराने १८२० च्या दशकात जे घरचे शिक्षण मोजले आणि १८८१ च्या गणकाने ज्यासाठी रकाना ठेवला, त्याच घराच्या उंबऱ्यावर ही पाहणी परत येते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी मात्र अशा धर्तीची घरोघर पाहणी नियमाने होत नाही. तेथे अद्याप ई-मेलचे उत्तर देणारा हाच विद्यार्थी आहे.

१९०१ साली गाळलेला प्रश्न खानेसुमारीत पुढे निराळ्या रूपाने परतला. फेब्रुवारी २०११ च्या गणनेत प्रत्येकाची शिक्षणसंस्थेतील उपस्थिती विचारण्यात आली, आणि जे जात नव्हते त्यांचेही दोन भाग करण्यात आले : पूर्वी जात होता तो, आणि कधीच गेला नाही तो. ‘पूर्वी जात होता’ हा रकाना एलिचपूरच्या कोणत्याही जुन्या सारणीत नव्हता. ही गणना घरी बसून झाली आणि त्यानंतर आठ महिन्यांनी पटपडताळणी वर्गात उभे राहून झाली. अमरावती जिल्ह्यापुरते या दोन याद्यांचे आकडे शेजारी मांडले, आणि त्यांना ज्या वर्षी कापूस व सोयाबीन कोणत्या महिन्यात घरी आले त्याची नोंद जोडली, तर १८९१ साली जो विसंवाद चूक म्हणून टाकून दिला गेला, तो प्रथमच पुरावा म्हणून वाचता येईल. अचलपूर, दर्यापूर आणि मेळघाट हे भाग त्यासाठी निरनिराळे ठेवावे लागतील.